चपट्या नाकाचा प्रश्न

कांहीं प्रश्न दिसावयास इतके क्षुल्लक असतात कीं, त्यांची नीतीच्या दृष्टीनें चर्चा करूं लागल्यास ऐकणाऱ्यास हसूं यावें. घरांत कोणत्या जातीचें कुत्रें आणावें, हा त्यांपैकींच एक प्रश्न होय. गेल्या वर्षीं माझ्या पुतणीनें तो मला विचारला, तेव्हां मींही तो हसण्यावारीच नेला असता. परंतु त्या प्रश्नाबरोबर माझी स्वतःची एक जुनी चूक वर आली. आणि ज्या गोष्टीचें उत्तर एका वाक्यांत द्यावयाचें, तिचा विचार करण्यांत माझे कित्येक दिवस गेले. त्या विचाराची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

माझी पुतणी पुण्यास राहते. तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांचा संसार. नवराबायको दोघेंही नोकरीच्या निमित्तानें दिवसभर बाहेर. मुलगा आठ वर्षांचा, एकुलता एक. त्याला सोबत म्हणून एक कुत्रें घ्यावें असें त्यांच्या मनांत होतें. "काका," ती म्हणाली, "तुम्ही इतकीं वर्षें कुत्रीं पाळलींत, म्हणून तुम्हांलाच विचारतें. पग आमच्या राहणीला मानवेल ना? लहान चणीचा असतो, मोठ्या कुत्र्यासारखा लांबवर हिंडवावा लागत नाहीं, दिवसाचा बराच वेळ झोपून राहतो, आणि मुलांशीं फार गोडीनें वागतो म्हणतात." एका विक्रेत्याकडील पिलाचें छायाचित्र तिच्या मोबाइलवर आलें होतें. मुलानें त्याचें नांव 'लाडू' असें ठेवूनही टाकलें होतें. बयाणा मात्र अद्यापि दिलेला नव्हता. तो माझ्या उत्तरावर अवलंबून होता.

उत्तर माझ्या ओठांवर आलें होतें आणि तें 'होय' असेंच होतें. तिनें सांगितलेल्या चारही गोष्टी खऱ्या होत्या. परंतु त्याच वेळीं मनांत असें आलें कीं, या चारांपैकीं दोन गोष्टींना आपण गुण कां म्हणतों? तें कुत्रें फार हिंडत नाहीं याचें कारण पुष्कळदां असें असतें कीं, फार हिंडणें त्याला साधत नाहीं. तें दिवसा झोंपा काढतें, याचें एक कारण असेंही असूं शकतें कीं, रात्रीं त्याला धड झोंप लागलेली नसते. आपल्या सोयीच्या यादींत जे गुण म्हणून लिहिले जातात, त्यांतले कांहीं त्या प्राण्याच्या बाजूनें वाचले तर उणिवा ठरतात. आपल्याकडे स्थळ पाहतांना पत्रिका दोन्ही बाजूंच्या जुळवितात. येथें मात्र एकाच बाजूची पत्रिका पाहून संबंध ठरवावयाचा होता.

ही उणीव कशी उत्पन्न होते तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. कुत्र्याला माणसासारखा सर्वांगास घाम येत नाहीं. त्याच्या शरीरांतील उष्णता बाहेर जाते ती मुख्यतः धापा टाकण्यानें. नाकाच्या पोकळींत गुंडाळीसारखीं वळलेलीं पातळ हाडें असून त्यांवर ओलसर अस्तर असतें. तेथील व जिभेवरील ओलावा हवेबरोबर उडून जातो आणि रक्त थंड होतें. लांब तोंडाच्या कुत्र्याचें नाक म्हणजे त्याचा वाळ्याचा पडदाच होय. पग, बुलडॉग, फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज या जातींत माणसानें पिढ्यान् पिढ्या निवड करून तोंडाचीं हाडें आखूड केलीं. परंतु आंतील मऊ भाग त्या प्रमाणांत आखूड झाले नाहींत. त्यामुळें टाळूचा मागचा मऊ पडदा घशांत लोंबतो, नाकपुड्या नुसत्या चिरेएवढ्या राहतात, आणि नाकांतील गुंडाळ्या एकमेकींवर दाटतात. उन्हाळ्यांत असें कुत्रें थंड होण्यासाठीं जोरानें धापा टाकूं लागतें. त्या श्रमानेंच त्याचें अंग अधिक तापतें, घसा सुजतो, आणि हवेची वाट आणखी अरुंद होते. याखेरीज ४२ दांत लहानशा जबड्यांत बसवावयाचे म्हणून ते वांकडेतिकडे येतात. डोळ्यांच्या खोबणी उथळ असल्यामुळें डोळ्यांस सहज इजा होते. चेहऱ्यावरील वळ्यांत ओल राहून कातडी चिघळते. बुलडॉगचें डोकें तर इतकें मोठें झालें आहे कीं, ब्रिटनमध्यें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत त्या जातीच्या शेंकडा ८० हून अधिक वेतांत पिलें पोट चिरून काढावीं लागल्याचें आढळलें. या जातींतील प्रत्येक कुत्रें आजारी असतें असें नाहीं. कांहींचा श्वास मोकळा चालतो. परंतु जातीचा कल कोणीकडे आहे याविषयीं शंका राहत नाहीं.

आतां माझ्या चुकीविषयीं. २००३ सालीं हच या मोबाइल कंपनीची एक जाहिरात दूरचित्रवाणीवर दिसूं लागली. एक लहान मुलगा पुढें, आणि तो जाईल तेथें त्याच्या मागें एक पग. जाहिरात गोड होती यांत वाद नाहीं. तिच्यानंतर आपल्याकडील शहरांतून त्या जातीची मागणी भराभर वाढली, आणि त्या मागणींत एक मागणी माझी होती. मी त्या वेळीं नागपुरास होतों. घरीं पग आणला, त्याचें नांव गुंड्या ठेवलें. त्याच्याइतका माणसाळलेला जीव मीं दुसरा पाहिला नाहीं. तो घोरत असे, आणि त्याचें घोरणें ऐकून पाहुणे हसत. आम्ही कौतुकानें त्याला 'आजोबा' म्हणत असूं. निजतांना तो हनुवटी नेहमीं उशीच्या कांठावर उंच टेकवी. ती त्याची ऐट आहे असें आम्हीं ठरवून टाकलें होतें. मान उंच ठेवली म्हणजे मिटूं पाहणारा घसा थोडा उघडा राहतो, म्हणून अशीं कुत्रीं तशीं निजतात, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. सहाव्या वर्षीं मे महिन्यांतील एका दुपारीं आम्ही सर्व जण लग्नाला गेलों असतां घरांतली वीज गेली, कूलर बंद पडला, आणि गुंड्या गेला. आम्हीं सर्वांना सांगितलें कीं, त्याला ऊन बाधलें. तें खरेंही होतें. परंतु त्याच दुपारीं गल्लींतलीं गांवठी कुत्रीं निंबाखालीं जीभ बाहेर काढून पडलेलीं होतीं, आणि संध्याकाळीं उठून चालूं लागलीं होतीं. हा फरक तेव्हां माझ्या ध्यानांत आला नाहीं. किंवा मीं तो येऊं दिला नाहीं, असें म्हणणें अधिक खरें होईल.

हा चेहरा निसर्गानें घडविलेला नाहीं. होगार्थ या इंग्रज चित्रकारानें १७४५ सालच्या आपल्या आत्मचित्रांत ट्रंप नांवाचा आपला पग रंगविला आहे. त्याचें तोंड आजच्या पगाच्या मानानें स्पष्टपणें लांब आहे. बुलडॉग हा मुळांत बैलावर सोडावयाचा कुत्रा. तो क्रूर खेळ इंग्लंडांत १८३५ च्या कायद्यानें बंद झाला. पुढें १८५९ सालीं न्यूकॅसल येथें कुत्र्यांचें प्रदर्शन भरलें, १८७३ सालीं लंडनमध्यें केनेल क्लबाची स्थापना झाली, आणि कुत्र्याची परीक्षा त्याच्या कामावरून न होतां उत्तरोत्तर रूपावरून होऊं लागली. १८६० सालीं पेकिंगनजीकच्या उन्हाळी राजवाड्याची लूट झाली, तींतून आणलेलें एक पेकिनीज व्हिक्टोरिया राणीस नजर करण्यांत आलें. त्याचें नांवही 'लूटी' असेंच ठेवलें होतें. आणि तो शब्द इंग्रजींत गेला तो आपल्या देशांतूनच. या सगळ्या इतिहासांत एक गोष्ट मनाला फार लागते. बुलडॉगला जोंवर क्रौर्यासाठीं पाळीत होते, तोंवर त्याला धांवतां येत होतें. त्याला आवडीसाठीं पाळूं लागल्यावर त्याचा श्वास कोंडला.

ही आवड खोटी आहे काय? मला तसें वाटत नाहीं. कोन्राड लॉरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञानें १९४३ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, मोठें कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल हीं तान्ह्या मुलाचीं लक्षणें पाहतांच माणसाच्या मनांत वात्सल्य आपोआप जागें होतें. मग तीं लक्षणें मुलाचीं असोत कीं प्राण्याचीं. पगाच्या तोंडाकडे पाहून मन द्रवतें तें याच कारणानें. म्हणजे जी वृत्ति लेंकराचें रक्षण व्हावें म्हणून आपल्या ठिकाणीं आहे, तिनेंच या प्राण्याचा चेहरा अधिकाधिक चपटा करवून घेतला. वात्सल्याला डोळे असतात, पण तें स्वतःच्या परिणामाकडे पाहत नाहीं. तें काम विवेकाचें आहे, आणि तें आम्हीं त्याच्याकडे सोंपविलेंच नाहीं.

डार्विनच्या प्रवासवृत्तांत या प्रश्नावर प्रकाश पाडणारी एक नोंद आहे. १८३३ सालीं दक्षिण अमेरिकेंत, आजच्या उरुग्वे देशांत, त्याला 'निआटा' नांवाचीं गुरें दिसलीं. कपाळ रुंद व आखूड, नाकाचा शेंडा वर वळलेला, खालचा जबडा पुढें आलेला. इतर गुरांशीं त्यांचें नातें बुलडॉगचें इतर कुत्र्यांशीं असलेल्या नात्यासारखें आहे, असें त्याला वाटलें. चाऱ्याची चंगळ असतांना हीं गुरें इतरांप्रमाणेंच चरतात. परंतु अवर्षणांत गवत संपलें म्हणजे साधीं गुरें झाडांच्या डाहळ्या व बोरू ओरबाडून कसाबसा जीव जगवितात. निआटाचे ओंठ एकमेकांस मिळत नसल्यामुळें त्यांना तें साधत नाहीं, आणि तीं इतरांच्या आधीं मरतात. डार्विनला यांत जो बोध दिसला तो असा कीं, प्राण्याच्या नेहमींच्या दिवसांकडे पाहून त्याच्या जगण्यामरण्याचें गणित मांडतां येत नाहीं. क्वचित् येणाऱ्या कठीण दिवसांवर तें अवलंबून असतें. हें वाचलें तेव्हां मला नागपूरची ती दुपार आठवली. गुंड्याच्या जवळजवळ दोन हजार सुखाच्या दिवसांचा हिशेब मीं ठेवला होता. त्या एका दिवसाचा ठेवला नव्हता.

या विचारावर आक्षेप येतात, आणि ते टाळणें बरोबर होणार नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, तें कुत्रें तर आनंदांत दिसतें; मग त्याच्या वतीनें आपण कां रडावें? याचें उत्तर असें कीं, आपण त्याचा आनंद पाहतों, पण त्याचा त्रास ओळखीत नाहीं. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, ज्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास असल्याचीं स्पष्ट लक्षणें होतीं, त्यांच्या धन्यांपैकीं शेंकडा ५८ जणांनीं आपल्या कुत्र्याला श्वासाचा कांहींच त्रास नाहीं असें सांगितलें. घोरणें हें त्या जातीचें लक्षणच, असें एकदां मनानें घेतलें कीं, तें दुखणें म्हणून कानांवर पडेनासें होतें. आमच्या घरीं तेंच झालें होतें. शिवाय ज्यानें मोकळा श्वास कधीं घेतलाच नाहीं, तो त्याच्या अभावाविषयीं तक्रार कशी करणार? त्याचें शेंपूट हलतें तें आपल्यावरील मायेमुळें. ती कांहीं आपल्या निर्दोषपणाची साक्ष नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. माणसानें कोणता पाळीव प्राणी आपल्या सोयीप्रमाणें बदललेला नाहीं? बैलाला आम्ही खच्ची करतों, गाईचें दूध तिच्या वांसराच्या गरजेपलीकडे वाढविलें, कोंबडीला अंडीं घालण्याचें यंत्र केलें. मग पगाच्या नाकाबद्दलच एवढा गहिंवर कां? या आक्षेपापुढें मी मान खालीं घालतों. कारण दूधही मी पितों. परंतु एका ठिकाणीं हात मळलेला आहे म्हणून दुसऱ्या ठिकाणीं तो धुऊं नये, असें होत नाहीं. आणि येथें एक भेदही आहे. शेतकऱ्याला बैलाची गरज होती. भाकरीचा प्रश्न होता. पगाच्या चपट्या नाकानें कोणाची कसली गरज भागत नाहीं. तें आमच्या डोळ्यांना बरें दिसतें, एवढेंच. दुसऱ्या जीवाचें दुःख आपल्या गरजेसाठीं पत्करणें यावर वाद होऊं शकेल. केवळ नजरेच्या सुखासाठीं तें पत्करण्याचें समर्थन करणें मला तरी साधलें नाहीं. यावरून एक साधी कसोटी मला सुचते. ज्या प्राण्याला श्वास घेणें, खाणें, झोंपणें, पिलांस जन्म देणें हीं स्वतःच्या जीवनांतलीं साधीं कामें स्वतःच्या देहानें करतां येत नाहींत, त्याचा देह आपल्या आवडीनें तसा केला असेल, तर ती आवड सोडली पाहिजे.

तिसरा आक्षेप तत्त्वज्ञाचा. हीं कुत्रीं अशीं नसतीं तर तीं मुळीं जन्मलींच नसतीं. आणि थोड्या त्रासाचें कां होईना, पण आयुष्य मिळणें हें न मिळण्याहून बरें नव्हे काय? याला उत्तर असें कीं, जें जन्मलेंच नाहीं त्याच्यावर अन्याय होत नाहीं. अन्याय व्हावयास कोणीतरी असावें लागतें. जें जन्मलें त्याच्या घशांतला अडथळा सोसणारा जीव मात्र खरोखरच असतो. पण मग छायाचित्रांतलें तें पिलूं? तें तर जन्मलेलेंच होतें. येथें व्यापाराची एक गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. बयाणा आपण ज्या पिलासाठीं देतों तें आधींच जगांत आलेलें असतें. परंतु त्या बयाण्याचा परिणाम होतो तो पुढच्या वेतावर. ग्राहकाला वाटतें, आपण एक पिलूं घरीं नेलें. विक्रेत्याला कळतें, आणखी पिलांना गिऱ्हाईक आहे.

कायदा हा प्रश्न सोडवील काय? प्रयत्न झाले आहेत. ज्या कुत्र्याचें मुस्कट त्याच्या डोक्याच्या एकतृतीयांशाहून आखूड असेल त्यापासून पैदास करण्यास नेदरलंड्समध्यें २०१९ पासून मनाई आहे. नॉर्वेमध्यें ओस्लोच्या न्यायालयानें २०२२ सालीं बुलडॉगच्या पैदाशीविरुद्ध निर्णय दिला. वरिष्ठ न्यायालयानें त्याच वर्षीं बुलडॉगपुरता तो फिरविला. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनीं पैदास करणाऱ्यांस नोंदणी सक्तीची केली व आठ आठवड्यांच्या आंतील पिलूं विकण्यास बंदी घातली. परंतु नियम चालतो तो विक्रेत्यावर. ग्राहकाच्या आवडीवर तो चालत नाहीं. हीं सर्व माहिती प्रसिद्ध असतांनाच २०२२ सालच्या अमेरिकन नोंदींत फ्रेंच बुलडॉग ही जाति, ३१ वर्षें पहिल्या क्रमांकावर असलेल्या लॅब्राडॉरला मागें सारून, पहिली आली. म्हणून या प्रश्नाचा निकाल शेवटीं घराघरांतच लागावयाचा आहे.

इतका विचार झाल्यावर मीं पुतणीला जें सांगितलें तें असें. "छायाचित्रांतलें पिलूं घेऊं नकोस. कुत्रें हवेंच असेल तर गल्लींतल्या एखाद्या गांवठी कुत्रीचें पिलूं आण. आपल्या हवेंत तें तुमच्याहून सुखानें राहील. आणि या चेहऱ्यावांचून मुलाचें समाधान होत नसेल, तर कोणीतरी नकोसा केलेला, वयांत आलेला पग शोध. त्याच्यासाठीं नवें वेत निघणार नाहीं. पण घेण्यापूर्वीं पशुवैद्याकडून त्याचा श्वास तपासून घे." या तपासणीची एक साधी रीत केंब्रिज विद्यापीठानें व केनेल क्लबानें २०१९ सालीं रूढ केली आहे. कुत्र्याला ३ मिनिटें दुडक्या चालीनें पळवावयाचें, त्याच्या आधीं व नंतर नळी लावून श्वासाचा आवाज ऐकावयाचा, आणि शून्यापासून तीनपर्यंत प्रत ठरवावयाची. "त्याचें वजन वाढूं देऊं नकोस, गळ्यांत पट्टा न बांधतां छातीवरून बांध, उन्हाळ्यांत दिवसा त्याला बाहेर काढूं नकोस, आणि घरीं एकटा ठेवूं नकोस. नाकपुड्या मोठ्या करण्याची शस्त्रक्रिया लागली तर तिचा खर्च आजच बाजूला काढून ठेव." हें सांगतांना मीं तिला गुंड्याची हकीकतही प्रथमच सांगितली. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "काका, हें तुम्हीं आधीं कधींच सांगितलें नाहींत." मीं तें स्वतःलाही सांगितलें नव्हतें.

नामदेवाची गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. कुत्र्यानें कोरडी भाकर पळविली, आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवला. लहानपणीं मला या गोष्टींत भूतदयेची पराकाष्ठा दिसे. आतां तींत आणखी एक गोष्ट दिसते. नामदेवानें त्या कुत्र्याच्या घशाचा विचार केला. त्या वेळीं त्याच्या मनांत 'हें कुत्रें मला मानवेल काय' हा प्रश्न नव्हता. 'ही भाकर त्याच्या घशाखालीं कशी उतरेल' हा होता. प्रेम आणि आवड यांतला फरक मला याहून सोप्या रीतीनें सांगतां येत नाहीं. आवड आपल्या राहणीपासून निघते. प्रेम दुसऱ्याच्या घशापासून.

पुतणीनें अडीच महिने शोध केला आणि परदेशीं गेलेल्या एका कुटुंबानें मागें ठेवलेला तीन वर्षांचा पग घरीं आणला. त्याच्या नाकपुड्यांची शस्त्रक्रिया झाली. आतां तीं सर्व जण पहांटे साडेपांचाला उठून त्याला फिरवितात. दोघांच्या कचेऱ्यांच्या वेळा अशा लावून घेतल्या आहेत कीं, उन्हाळ्यांत दुपारीं घरीं कोणीतरी असतें. मूळ प्रश्नांतली 'राहणी' अशा रीतीनें सगळी बदलून गेली.

एवढ्यानें मी निःशंक झालों आहें असें मात्र नाहीं. जिन्यांत शेजारीपाजारी त्या कुत्र्याला पाहतात, त्याचे गाल ओढतात, आणि असें पिलूं कोठें मिळतें म्हणून विचारतात. त्याचा तो चेहराच पुढच्या गिऱ्हाइकाला बोलावीत राहतो. त्याला आपण काय करणार? मागच्या महिन्यांत मी पुण्यास गेलों असतां एक शेजारीण म्हणाल्या, "बाई, घोरतो किती गोड!" त्यावर मुलगा तेथेंच उभा होता, तो म्हणाला, "काकू, तो घोरत नाहीं. त्याला श्वास घेतां येत नाहीं."

त्या बाई जरा ओशाळल्या. पण हें वाक्य मीं वीस वर्षांपूर्वीं ऐकलें असतें, तर बरें झालें असतें.